एका राज्यात तीन गव्हर्नर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या राज्यांच्या निवडणुकांबद्दल लिहिताना मी एका वाक्यात म्हटलं होतं की १९४७ साली जॉर्जिया राज्यात तीन जण एकाच वेळी 'गव्हर्नर मीच' असं म्हणत होते. बाकीचा लेख राहिला बाजूला, सगळे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप त्या एका वाक्यावरच आले. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न (एक वाचक, सातारा) : तीन गव्हर्नर हे खरंच झालं होतं का? निवडणूक झाली होती ना? मग कोण जिंकलं हे कळायला नको का?

उत्तर : खरंच झालं होतं. निवडणूक रीतसर झाली होती आणि कोण जिंकलं तेही सगळ्यांना माहीत होतं, घोळ असा झाला की जिंकलेला माणूस शपथ घेण्याआधीच वारला.

त्याचं नाव यूजीन टॅलमेज. हा आधी तीनदा गव्हर्नर झालेला, लाल गॅलस लावून खेड्यापाड्यांत सभा गाजवणारा, आणि काळ्या लोकांना मतदानापासून लांब ठेवायचं हे उघड उघड सांगणारा पुढारी. त्या काळी जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्ष सोडून दुसरा पक्ष नावालाच होता, त्यामुळे खरी लढत पक्षाच्या आतली, म्हणजे प्रायमरी, ती १७ जुलै १९४६ ला झाली आणि यूजीन जिंकला. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत समोर कोणी उभंच नव्हतं. पण तब्येत ढासळलेली होती हे जवळच्या माणसांना कळत होतं, म्हणून त्यांनी गुपचूप एक तजवीज केली. अमेरिकेत मतपत्रिकेवर छापलेलं नाव सोडून आपल्या हाताने दुसरं नाव लिहिता येतं, तर काही शे विश्वासू लोकांना सांगितलं की यूजीनच्या पोराचं, हर्मनचं नाव लिहा. २१ डिसेंबर १९४६ ला यूजीन गेला.

आता राज्यघटनेत एक कलम होतं की कोणालाच बहुमत मिळालं नाही तर सगळ्यात जास्त मतं मिळालेल्या आणि हयात असलेल्या दोघांतून विधिमंडळाने गव्हर्नर निवडायचा. टॅलमेजच्या गटाने ते कलम धरलं. पण १९४५ च्या नव्या घटनेने लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, हे पदही पहिल्यांदाच तयार केलेलं, आणि त्या पदावर त्याच नोव्हेंबरात मेल्विन थॉम्पसन निवडून आलेला, तो विरुद्ध गटातला. त्याचं म्हणणं, गव्हर्नर गेला तर मी. आणि तिसरा म्हणजे मुदत संपत आलेला गव्हर्नर एलिस आर्नल, तो म्हणाला की घटनेप्रमाणे पुढचा माणूस रीतसर येईपर्यंत मीच आहे, थॉम्पसनची शपथ झाली की त्याच्या हातात देईन, हर्मनच्या हातात देणार नाही. झाले तीन.

प्रश्न (कॉलेजातली एक वाचक, नांदेड) : मग विधिमंडळात नेमकं काय झालं? मी कुठेतरी वाचलं की मेलेल्या माणसांनी मतं दिली होती.

उत्तर : हो, आणि तो भाग नीट सांगण्यासारखा आहे.

१४ जानेवारी १९४७ ला अधिवेशनात मतांचे लिफाफे उघडले. हाताने लिहिलेली मतं मोजली तर प्रायमरीत यूजीनसमोर हरलेला जेम्स कारमायकल ६६९, रिपब्लिकन पक्षाचा टॅलमेज बॉवर्स (आडनाव नाही, नावच टॅलमेज, या घराण्याशी गल्लत करू नका) ६३७ आणि हर्मन ६१७. म्हणजे हर्मन तिसरा. निवड पहिल्या दोघांतूनच करायची, म्हणजे पोरगा बाहेर! इतकी तयारी करून बाहेर. मग थोड्या वेळाने टेल्फेअर काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) आणखी ५८ मतं 'सापडली', ती सगळी हर्मनची, आणि तो ६७५ वर जाऊन पहिला झाला. टेल्फेअर म्हणजे टॅलमेज घराण्याची स्वतःची काउंटी. १५ जानेवारीच्या पहाटे दोनच्या सुमाराला १६१ विरुद्ध ८७ मतांनी विधिमंडळाने हर्मनला गव्हर्नर केलं, वय ३३.

'अटलांटा जर्नल' या पेपरचा जॉर्ज गुडविन नावाचा बातमीदार त्यानंतर टेल्फेअरला गेला आणि मतदारांची यादी काढून बसला. त्याला दिसलं की एका केंद्रावर लोकांनी ओळीने, आडनावाच्या अक्षरक्रमाने येऊन मतदान केलंय. अशी रांग जगात कुठे लागते? त्यात काही जण वारलेले निघाले, काही जण म्हणाले आम्ही मतदानाला गेलोच नाही. या बातमीला पत्रकारितेचं १९४८ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आदर कोणाबद्दल वाटत असेल तर या बातमीदाराबद्दल, कारण बाकी सगळे घटनेच्या कलमांवर भांडत होते आणि हा एकटा दारोदार जाऊन विचारत होता की बाबा, तू मत दिलंस का.

प्रश्न (एक शिक्षक, चिपळूण) : तिघे गव्हर्नर असताना राज्याचा कारभार कोणी चालवला?

उत्तर : चालवला म्हणण्यापेक्षा अडकून पडला. त्या पहाटेच हर्मन आपली माणसं घेऊन आर्नलच्या ऑफिसवर गेला, धक्काबुक्की झाली, आर्नल हलला नाही. दुसऱ्या रात्रीत टॅलमेजच्या लोकांनी ऑफिसची कुलुपं बदलली आणि गव्हर्नरचं राहतं घरही ताब्यात घेतलं. सकाळी आर्नल आला तर आत जाता येईना, मग त्याने कॅपिटलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, मधल्या घुमटाखाली चौकशीचं टेबल असतं ना, तिथे बसून काम सुरू केलं, तिथूनही हुसकावल्यावर शहरातल्या एका इमारतीत. १८ जानेवारीला थॉम्पसनची लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून शपथ झाली, आर्नलने शब्द दिल्याप्रमाणे राजीनामा दिला, आणि तिघांचे दोघे झाले. त्यामुळे 'तीन गव्हर्नर' हे खरं तर चारेक दिवसांचंच, पुढचे दोन महिने दोन गव्हर्नर होते, एक कॅपिटलमध्ये आणि एक बाहेर भाड्याच्या ऑफिसात.

यात राज्याचा शिक्का कोणाकडे हा प्रश्न फार मोठा होता, कारण शिक्क्याशिवाय कागदाला अर्थ नाही. तो सांभाळायचं काम सेक्रेटरी ऑफ स्टेट बेन फोर्टसन यांच्याकडे. अपघातामुळे ते व्हीलचेअरवर असायचे. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत शिक्का कोणालाच द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि तो व्हीलचेअरच्या गादीखाली ठेवून त्यावर बसून राहिले. ही गोष्ट जॉर्जियात अजून सांगतात. सांगणारे हसत सांगतात, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. हत्यारबंद माणसं कॅपिटलमध्ये फिरत असताना एका अधिकाऱ्याने 'कोर्ट सांगेल त्याला देईन' एवढं एक वाक्य धरून ठेवलं, हे सोपं नाही हो.

प्रश्न (एक वकील, कोल्हापूर) : कोर्टाने निकाल कशाच्या आधारावर दिला? त्या ५८ मतांवर का?

उत्तर : नाही, आणि तुम्ही वकील आहात म्हणून तुम्हाला हे जास्त खटकेल. १९ मार्च १९४७ ला जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध २ अशा मताने सांगितलं की विधिमंडळाला गव्हर्नर निवडायचा हक्क फक्त कोणालाच बहुमत नसेल तेव्हा, इथे यूजीनला बहुमत होतं, तो वारला म्हणून त्याची मतं पुसली जात नाहीत, त्यामुळे हर्मनची निवड मुळातच बेकायदा, आणि जागा रिकामी असल्याने पुढच्या निवडणुकीपर्यंत थॉम्पसन काम पाहील. हर्मनने निकाल मानला आणि तासा-दोन तासांत ऑफिस सोडलं. साधारण ६३ दिवस तो बसला होता.

म्हणजे टेल्फेअरच्या बनावट मतांवर निकाल फिरलाच नाही. ती मतं अस्सल असती तरी उत्तर हेच आलं असतं. कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, कमीत कमी मुद्द्यावर निकाल द्यावा हे चांगल्या कोर्टाचं लक्षणच. पण त्याचा परिणाम असा झाला की ज्यांनी हे केलं त्यांचं राजकारण काही थांबलं नाही. सप्टेंबर १९४८ च्या प्रायमरीत हर्मनने थॉम्पसनला हरवलं, १९५५ पर्यंत गव्हर्नर राहिला आणि नंतर १९५७ ते १९८१ वॉशिंग्टनला सिनेटर.

प्रश्न (एक इंजिनीअर, पिंपरी) : तुम्ही मागच्या अंकात कंसात लिहिलं होतं की मुळात प्रायमरीतच जास्त मतं मिळवणारा हरला. हे कसं शक्य आहे?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून धन्यवाद, कारण मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे. कुलुपं, शिक्का, मेलेल्यांची मतं हे सगळं जानेवारीतलं, आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात. जुलैत काय झालं ते बघा.

प्रायमरीत कारमायकलला ३,१३,३८९ मतं होती, हा मॅरिएटातला बॉम्बर विमानांचा कारखाना चालवलेला, आर्नलच्या गटाचा माणूस. यूजीनला २,९७,२४५. तिसरा रिव्हर्स, त्याला ६९ हजारांच्या वर. सरळ मोजलं तर कारमायकल सोळा हजारांनी पुढे. पण सरळ मोजायचंच नाही असा नियम होता. जॉर्जियात १५९ काउंट्या, आणि प्रत्येक काउंटीला ठरावीक 'युनिट' दिलेले, सगळ्यात मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६, पुढच्या ३० ना प्रत्येकी ४ आणि उरलेल्या १२१ ना प्रत्येकी २. एकूण ४१०. काउंटीत जो पुढे त्याला तिचे सगळे युनिट. आता हिशोब करा, अटलांटा जिच्यात येतं त्या फुल्टन काउंटीत लाखोंनी लोक, तिला ६, आणि काही हजार वस्तीच्या तीन बारक्या काउंट्या मिळून पण ६. त्यामुळे यूजीन शहरात प्रचाराला फारसा जायचाच नाही, ज्या काउंटीत ट्राम धावते ती मला नकोच असं म्हणायचा. युनिटच्या हिशोबात त्याला २४२, कारमायकलला १४६, रिव्हर्सला २२. विषय संपला.

म्हणजे जानेवारीत जे काही झालं ते व्हायची वेळच आली नसती, जर जुलैत माणसं मोजली असती. आणि हा नियम कोणी रात्रीच्या अंधारात केलेला नव्हता, १९१७ पासून तो लेखी कायदा होता, भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. ५८ खोटी मतं पकडायला एक चांगला बातमीदार पुरला, पण कायद्यानेच केलेला अन्याय पकडायला आणखी सोळा-सतरा वर्षं लागली. मार्च १९६३ मध्ये 'ग्रे विरुद्ध सँडर्स' खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मताने ही युनिट पद्धत घटनाबाह्य ठरवली, रॉबर्ट केनेडी तेव्हा अ‍ॅटर्नी जनरल होते आणि त्यांनी स्वतः उभं राहून युक्तिवाद केला. 'एक माणूस, एक मत' हे शब्द त्या निकालात आले.

प्रश्न (एक निवृत्त कर्मचारी, अमरावती) : त्यावेळी काळ्या लोकांना मताचा अधिकार होता का? लेखात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

उत्तर : बरोबर आहे काका, त्या लेखात जागा नव्हती, इथे लिहितो.

कागदावर होता. पण डेमोक्रॅटिक पक्ष म्हणायचा की प्रायमरी हा आमचा खासगी मामला आहे, त्यात फक्त गोऱ्यांनीच मत द्यायचं. आणि खरी निवडणूक प्रायमरीच, हे वर सांगितलंच. कोलंबस शहरातले प्रायमस किंग म्हणून एक होते, व्यवसायाने न्हावी आणि शिवाय धर्मोपदेशक, ते ४ जुलै १९४४ ला प्रायमरीत मत द्यायला गेले आणि त्यांना बाहेर काढलं. त्यांनी केस केली. खालच्या कोर्टात जिंकले, अपिलात जिंकले, आणि एप्रिल १९४६ मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने पक्षाचं अपील ऐकायलाच नकार दिला. गव्हर्नर आर्नल कडक वर्णवादी राज्यातला माणूस, तो काही समतेचा पुरस्कर्ता नव्हता, पण कोर्टाचा आदेश पळवाट काढून बुडवायचा नाही एवढं त्याने धरलं. मतदानासाठी भरायचा पोल टॅक्सही त्याच्याच काळात १९४५ ला रद्द झालेला. परिणाम असा की १९४६ च्या उन्हाळ्यात लाखाहून जास्त काळ्या मतदारांनी नावं नोंदवली.

यूजीनचा सगळा प्रचार याच्यावरच उभा होता, की मला निवडून द्या, मी गोऱ्यांची प्रायमरी परत आणतो. त्याच्या लोकांनी छापील अर्ज वाटले, ते भरून काळ्या मतदारांच्या नावांवर घाऊक हरकती घ्यायच्या आणि नावं कापायची. अनेक काउंट्यांत हे झालं, एफबीआयने चौकशीही केली. आणि टेलर काउंटीत मॅसिओ स्नाइप्स नावाचा, दुसऱ्या महायुद्धातून परत आलेला सैनिक, तो १७ जुलैला मत द्यायला गेला. त्याच्या भागात मत देणारा तो एकटाच काळा माणूस. दुसऱ्या दिवशी गोऱ्या माणसांनी घरी येऊन त्याला गोळी घातली, २० जुलैला तो गेला. कोणाला शिक्षा झाली नाही. पुढे पाचच दिवसांनी, २५ जुलैला, मूर्स फोर्डच्या पुलाजवळ दोन काळ्या जोडप्यांना जमावाने गोळ्या घालून मारलं, त्यातला एक पुरुषही सैन्यातून परतलेला. तिथेही आजवर कोणाला शिक्षा नाही.

म्हणून मला 'तीन गव्हर्नर' हा गमतीदार किस्सा म्हणून सांगावासा वाटत नाही. ज्या जागेसाठी तिघे भांडले ती जागा आधीच या रक्तातून आलेली होती. जानेवारीच्या त्याच अधिवेशनात गोऱ्यांची प्रायमरी परत आणणारं बिलही पास करून घेतलं होतं, ते टिकलं नाही ही गोष्ट वेगळी.

प्रश्न (अटलांटाजवळ राहणारी एक मराठी वाचक) : मी इथे बरीच वर्षं आहे पण हे कधी कोणी सांगितलं नाही. ते विधिमंडळाने गव्हर्नर निवडायचं कलम आता आहे का?

उत्तर : नाही, आता पन्नास टक्के नाही मिळाले तर पहिल्या दोघांत परत मतदान, म्हणजे रनऑफ होतो, ते तुम्ही तिथल्या निवडणुकांत पाहिलंच असेल. पण ते जायच्या आधी त्या कलमाने आणखी एकदा दणका दिला. १९६६ ला रिपब्लिकन बो कॅलवे आणि डेमोक्रॅट लेस्टर मॅडॉक्स अशी लढत होती, मॅडॉक्स म्हणजे आपल्या रेस्टॉरंटमधून काळ्या गिऱ्हाइकांना पिस्तूल दाखवून हाकलणारा माणूस. दोघेही नको असलेल्या हजारो लोकांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहिलं, कोणाचं? एलिस आर्नलचं! त्यामुळे कॅलवे साधारण तीन हजारांनी पुढे असूनही बहुमत कोणालाच नाही. केस थेट वॉशिंग्टनला गेली, 'फोर्टसन विरुद्ध मॉरिस', यातले फोर्टसन म्हणजे तेच शिक्का सांभाळणारे, अजून त्याच पदावर होते. १२ डिसेंबर १९६६ ला ५ विरुद्ध ४ ने कोर्ट म्हणालं की विधिमंडळ निवडू शकतं. विधिमंडळात डेमोक्रॅट बहुसंख्य, त्यांनी १८२ विरुद्ध ६६ ने मॅडॉक्सला केलं. त्यानंतर मग घटना बदलली.

आणि तुम्हाला एक मराठी धागा सांगतो. त्याच १९६६ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरा आलेला उमेदवार म्हणजे पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला जिमी कार्टर. तो हरला, खचला, आणि त्याच सुमाराला त्याची आई लिलियन, वय ६८, पीस कॉर्प्समध्ये (परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारची संस्था) भरती होऊन नर्स म्हणून आली ती आपल्या विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत. पुढचे एकवीस महिने तिथल्या दवाखान्यात कामगारांची आणि त्यांच्या पोराबाळांची सेवा करत होती. मुलगा १९७० ला गव्हर्नर म्हणून निवडून आला. विक्रोळीतल्या जुन्या रहिवाशांपैकी कोणाला त्या आठवत असतील तर मला जरूर कळवा, मला ते ऐकायला फार आवडेल.

प्रश्न (एक वाचक, नागपूर) : मग आपल्याकडे राज्यपाल निवडून का देत नाहीत? दिले असते तर बरं झालं असतं की वाईट?

उत्तर : आधी तसंच ठरलं होतं. जुलै १९४७ मध्ये, म्हणजे जॉर्जियाचा निकाल लागून चारच महिने झाले असताना, सरदार पटेलांच्या समितीचा अहवाल संविधान सभेपुढे आला आणि त्यात राज्यपाल प्रौढ मतदारांनी थेट निवडायचा असं होतं, सभेने ते मान्यही केलं. १९४८ च्या मसुद्यात थेट निवडणूक किंवा विधिमंडळाने चार नावं द्यायची आणि राष्ट्रपतींनी त्यातलं एक घ्यायचं, असे दोन पर्याय ठेवले. मग मे १९४९ च्या शेवटी चर्चा होऊन राष्ट्रपतींनीच नेमायचा असं झालं. नेहरू नेमणुकीच्या बाजूने बोलले. मुख्य मुद्दा असा की मुख्यमंत्रीही लोकांनी निवडलेल्या सभेचा आणि राज्यपालही थेट लोकांनी निवडलेला, मग दोघेही म्हणणार लोक माझ्या मागे आहेत, आणि भांडण कायमचं. डॉ. आंबेडकरांचं म्हणणं असं होतं की राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने वापरायचे अधिकार जवळपास नाहीतच, तर त्याच्यासाठी एवढ्या मोठ्या निवडणुकीचा खर्च आणि खटाटोप कशाला.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. अमेरिकेत गव्हर्नर हाच राज्याचा कारभारी, मुख्यमंत्री हा प्रकारच नाही, त्यामुळे तिथे तो निवडलाच पाहिजे. आपल्याकडे कारभार मुख्यमंत्र्याचा, तेव्हा निवडलेला राज्यपाल म्हणजे एका गाडीला दोन ड्रायव्हर झाले असते, १९४९ चा निर्णय मला बरोबर वाटतो. पण तो निर्णय ज्या गृहीतावर घेतला, की राज्यपाल स्वतःच्या मर्जीने काही करणार नाही, ते गृहीत पाळलं गेलं का, कुठे पाळलं आणि कुठे मोडलं, यावर पुढच्या अंकात लिहितो. महाराष्ट्रातलीच उदाहरणं घेईन. त्याबद्दलचे प्रश्न आत्तापासून पाठवायला हरकत नाही.